सगळ्यात मागे राहणाऱ्या बाईबरोबर कोण थांबतं?



या पंधरवड्याच्या टपालात कैरीच्या लोणच्यावर आलेली बुरशी, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग आणि नणंद-भावजयीचं न पटणं ही आपली नेहमीची मंडळी आहेतच. त्यांना पुढच्या अंकात न्याय देईन. आजची जागा मात्र एकाच पत्राला द्यायची आहे. रत्नागिरीच्या एका मैत्रिणीच्या ओल्या बुटांचं तेवढं शेवटी बघू, कारण विषय जवळचाच आहे.

डोंबिवलीहून एका भगिनीने लिहिलं आहे. वय ४४. यजमान सकाळी सव्वासातला घर सोडतात, मुलगी नववीत, मुलगा बारावीत, सासूबाई ७२ वर्षांच्या आणि चांगल्या हिंडत्याफिरत्या. गेल्या वर्षी वजन आणि चिडचिड दोन्ही वाढू लागलं म्हणून या बाई पहाटे फिरायला जाऊ लागल्या. एक दिवस रस्त्यावर कुणी नाही असं पाहून विजेच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत धावून पाहिलं. मग दोन खांब, मग चार. चार-पाच महिन्यांत सलग अर्धा तास धावता येऊ लागलं. त्या लिहितात, "ताई, लग्नाला वीस वर्षं झाली, पण माझा स्वतःचा श्वास मला असा कधी ऐकू आला नव्हता."

आणि मग एका पहाटे मोटारसायकलवरचा एक माणूस त्यांच्या मागे लागला. गाडी हळू करून दोन वळणं तो मागेमागे येत राहिला, काहीबाही बोलत. बाई दूध केंद्रात शिरल्या, तो निघून गेला. घरी येऊन त्यांनी कुकर लावला आणि कुणालाही काही सांगितलं नाही. सांगितलं तर बाहेर जाणंच बंद होईल, ही भीती. पण जाणं बंद झालंच. त्यांचं त्यांनीच केलं.

आता शेजारणीने सांगितलं आहे की जवळच धावणाऱ्यांचा एक ग्रुप दर रविवारी जमतो, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करतो. बायका-पुरुष दोन्ही आहेत. ग्रुपचा निरोप यांच्या फोनवर तीन आठवडे उत्तराविना पडून आहे. घरात विषय काढला तर यजमान म्हणाले, "बघ तुला जमतंय का." सासूबाई म्हणाल्या, "पोराचं बारावीचं वर्ष, आणि आई रस्त्यावर धावणार? कशासाठी? कोण मागे लागलंय?"

काय बोलून गेल्या सासूबाई, त्यांना कल्पना नाही.

भगिनीचा प्रश्न असा : "हा माझा स्वार्थ आहे का? आणि ग्रुपमध्ये सगळ्यात मागे मीच राहणार हे नक्की असताना तिथे जाऊन हसं करून घेऊ का?"

बाई, आधी मोटारसायकलवाल्याचं. ही गोष्ट यजमानांना आजच्या आज सांगा. जेवणं झाल्यावर, मुलं आपापल्या कामाला लागल्यावर, सरळ शब्दांत सांगा. आपण गप्प बसतो तेव्हा घरातल्यांना वाटतं की हिची हौस फिटली, आणि तो माणूस उद्या आणखी कुणाच्या तरी मागे जातो. पुन्हा असं घडलं तर गाडीचा नंबर पाहून ठेवायचा, उजेडात नि माणसांत शिरायचं आणि ११२ वर फोन करायचा. तुमची चूक यात तसूभरही नव्हती. पहाटे रस्त्यावर असणं हा गुन्हा नाही. आणि यजमानांना सांगताना हेही सांगा की म्हणूनच मला एकटीने धावायचं नाही, ग्रुपबरोबर धावायचं आहे. "बघ तुला जमतंय का" म्हणणाऱ्या माणसाला त्यानंतर नुसतं बघत बसता येणार नाही.

आता स्वार्थाचं. बारामतीच्या लताबाई करे तुम्हाला आठवत असतील. साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि आपल्या गटातली शर्यत जिंकली. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते. २०२० मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःची भूमिका स्वतःच केली. सगळ्यांनी डोळे पुसले, मीही पुसले. पण नंतर मनात आलं, नवऱ्यासाठी धावलेली बाई आपल्याला देवीसारखी वाटते आणि स्वतःसाठी धावणारी आपमतलबी, असं का बरं? लताबाईंवर जी वेळ आली ती कुणावर न येवो. तुमच्यावर आलेली नाही म्हणून तुम्ही धावूच नये, हा कुठला न्याय?

मी स्वतः ४७व्या वर्षी धावायला लागले. आमचं दादर, शिवाजी पार्क पायाशी. पण पहिल्या ग्रुपचा अनुभव मी सहसा कुणाला सांगत नाही, तो आज सांगते. नाव घेत नाही, तो ग्रुप आता राहिलेलाही नाही. सगळी तिशीतली मंडळी, भारी घड्याळं, बोलणं सगळं मिनिटा-सेकंदांत. मला सहा किलोमीटरची सवय होती. पहिल्याच महिन्यात त्यांच्याबरोबर चौदाला गेले, कारण मागे राहायची लाज वाटत होती. वरळी सी फेसवर पहाटे साडेपाचला मी अंधारात एकटी उरले. पुढचे लाल दिवे लुकलुकत लांब गेले आणि दिसेनासे झाले. पाणी त्यांच्याबरोबर, माझी पिशवी त्यांच्या गाडीत, पिशवीत घराची किल्ली. मी चालत, लंगडत परत आले. वेळेवर परत न आल्याबद्दल वर मलाच ऐकवण्यात आलं. नडगी दुखत होती, तरी दोन आठवडे हट्टाने धावले. शेवटी तपासणीत हाडाला बारीक तडा निघाला. सहा आठवडे घरी. आमच्या ह्यांनी तेवढे दिवस चहा केला. पाणी उकळायच्या आत पावडर टाकायची त्यांची सवय तेव्हाची आहे, ती अजून गेलेली नाही.

म्हणून सांगते, ग्रुपमध्ये जाण्याआधी ते किती वेगाने धावतात, किती पदकं मिळाली, असलं काही विचारू नका. एकच विचारा : सगळ्यात मागे राहणाऱ्या बाईबरोबर कोण थांबतं? याचं उत्तर चटकन, एखाद्या माणसाच्या नावानिशी आलं तर जा. "आम्ही बघतो ना" असं आलं तर दुसरा ग्रुप शोधा.

माझ्या दुसऱ्या ग्रुपमध्ये हे उत्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई होत्या. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. त्या मुद्दाम शेवटी धावायच्या. त्यांना पुढे जाता येत नव्हतं अशातला भाग नाही. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, "तुम्ही माझ्यासाठी थांबू नका हो." त्या म्हणाल्या, "थांबत नाहीये. ही माझी जागाच आहे." एवढंच बोलून त्यांनी आमटीत चिंच घालावी की आमसूल हा विषय काढला आणि आठ किलोमीटर कधी संपले मला कळलं नाही.

गप्पांवरून आठवलं. धावण्याची खरी गती यंत्राने मोजायची गरज नाही. शेजारणीशी पूर्ण वाक्यं बोलता येतील इतक्याच वेगाने धावायचं. नुसतं "हो" आणि "नाही" निघत असेल तर वेग जास्त झाला. जाणती माणसं आठवड्यातलं बहुतेक धावणं असंच सावकाश करतात. मध्ये मध्ये एखादं मिनिट चालायचं आणि पुन्हा धावायचं, हीही रीतसर पद्धत आहे, त्यात कमीपणा नाही. आठवड्याचं एकूण अंतर वाढवायचं ते दहा टक्क्यांच्या आसपास, आणि तीन आठवडे वाढवलं की चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं. माझी नडगी हे सगळं न पाळल्यामुळेच गेली.

यंदा पूर्ण मॅरेथॉनचा विचार मात्र करू नका. ती ४२.१९५ किलोमीटरची. तिच्या तयारीत रविवारची धाव वाढत वाढत ३० किलोमीटरपर्यंत न्यावी लागते. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमधले काही रविवार चार-चार तास धावण्यात जाणार आणि उरलेला दिवस झोपेत. फेब्रुवारीत मुलाची परीक्षा. अंथरूण पाहून पाय पसरावेत. या वर्षी त्याच ग्रुपबरोबर दहा किलोमीटरची तयारी करा. पुढच्या वर्षी २१, आणि त्यानंतर वाटलं तर ४२. ग्रुपमध्ये सगळे पूर्ण मॅरेथॉनवालेच असतात असं नाही. रविवारी सुरुवात एकत्र होते आणि जो तो आपल्या अंतरावरून मागे वळतो. तुमच्या अंतराला वळणारं कुणी आहे का, हे तेवढं आधी विचारून घ्या.

पुरुष असतात ग्रुपमध्ये, याचाही तुमच्या पत्रात दोनदा उल्लेख आहे. असू द्यात. १९६७ साली अमेरिकेत बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्विट्झर नावाची वीस वर्षांची मुलगी नंबर लावून धावत होती. बायकांना एवढं अंतर झेपत नाही असा तेव्हा समज होता. शर्यतीच्या एका अधिकाऱ्याने धावत्या रस्त्यावर तिला धरून तिचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. त्याला बाजूला ढकललं ते तिच्याबरोबर धावणाऱ्या तिच्या मित्राने. तिचे प्रशिक्षकही सोबत होते. तिने शर्यत पूर्ण केली. त्या शर्यतीत बायकांना रीतसर प्रवेश मिळायला १९७२ उजाडलं आणि ऑलिंपिकमध्ये बायकांची मॅरेथॉन पहिल्यांदा धावली गेली ती १९८४ मध्ये, लॉस एंजेलिसला. हे सांगायचं कारण, त्या मुलीची हिंमत मोठी होतीच, पण ती त्या दिवशी एकटी नव्हती. ग्रुपमधले पुरुष कसे आहेत हे दोन रविवारी कळतं. एखाद्याची नजर किंवा बोलणं खटकलं तर ग्रुप चालवणाऱ्याला सांगा. त्याने हसण्यावारी नेलं तर तो ग्रुप आपला नव्हे.

घरचं कसं बसवायचं? आठवड्यातून तीन दिवस पुरेत. मंगळवार, गुरुवार पाऊण तास आणि रविवार लांबची धाव. मंगळवार-गुरुवारी निदान शेजारणीला तरी बरोबर घ्या. बहुतेक ग्रुपमध्ये कुणी ना कुणी जवळ राहणारं निघतंच. आदल्या रात्री भाजी चिरून, कणिक मळून फ्रिजमध्ये ठेवायची, डब्याची भांडी ओट्यावर काढून ठेवायची. मंगळवारी-गुरुवारी डब्यात पोळी-भाजीच हवी असाही काही नियम नाही. थालीपिठाची भाजणी घरात असली की पंधरा मिनिटांचं काम. फोडणीचे पोहे मुलाला शिकवा. बारावीतल्या मुलाला डोकं बाजूला ठेवून वीस मिनिटं काहीतरी हाताने करायला मिळालं तर त्याचंच भलं होईल. आणि निघताना परत यायची वेळ नि रस्ता कागदावर लिहून फ्रिजवर लावा, ती वेळ पाळा. घरातल्यांना आपलं जाणं तेवढं टोचत नाही, जेवढं परतायची वेळ माहीत नसणं टोचतं.

सासूबाईंची परवानगी मागू नका, मदत मागा. "आई, मंगळवारी-गुरुवारी दूध तुम्ही घ्याल का?" एवढंच. परवानगी मागितली की माणसाला नाही म्हणावंसं वाटतं, मदत मागितली की आपली गरज आहे असं वाटतं. मी हे माझ्या सासूबाईंकडून शिकले, पण त्या माझ्यावर हे वापरत होत्या तेव्हा मला कळलं नव्हतं.

आता तब्येतीचं, कारण हे लिहायला भगिनी संकोचतात. चाळिशी उलटली आहे, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन पाहून घ्या. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या आपल्या देशातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. धावताना लवकर दम लागतो तेव्हा आपण वयाला दोष देतो आणि कारण रक्तात असतं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेऊ नका, चहाने अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा, त्याने शोषलं जातं.

बाळंतपणांनंतर धावताना, शिंकताना थेंबथेंब लघवी होणं हे बऱ्याच जणींना असतं आणि केवळ त्यापायी कित्येकजणी धावणं सोडतात. याला उपाय आहे. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यावेत. रविवारच्या वाटेवर स्वच्छतागृह कुठे आहे हेही ग्रुपला मोकळेपणी विचारा. तुम्ही विचारलंत की आणखी चौघी मनातल्या मनात तुमचे आभार मानतील.

खरेदी दोनच गोष्टींची. धावण्याचे बूट आणि धावण्यासाठीची घट्ट बसणारी ब्रा. बूट संध्याकाळी घ्यायला जावं, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा राहिली पाहिजे. बाकी सलवार-कमीज, ट्रॅक पँट, जे सोयीचं वाटेल ते. ओढणी मात्र घरी ठेवा. काखेत, मांड्यांना जिथे घासतं तिथे निघण्यापूर्वी व्हॅसलीन लावा. निघताना एखादं केळं किंवा दोन खजूर. तासाभराच्या वर धावायचं असेल तर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा, तहानेप्रमाणे घोट घोट घ्या. नुसतं साधं पाणी घटाघट पीत राहणंही बरं नाही, त्याने रक्तातलं मीठ उतरतं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. त्यात ग्रुपची भीड बाळगू नका.

हसं होण्याची भीती मला ठाऊक आहे. माझ्या पहिल्या दहा किलोमीटरला मी इतकी मागे होते की पाण्याच्या टेबलावरची मुलं रिकामे पेले गोळा करायला लागली होती. त्या निवृत्त बाई माझ्या बाजूला होत्या. त्यांनी एका मुलाला थांबवून सांगितलं, "अरे, दोन ठेव, आम्ही अजून धावतोय." त्याने भरून दिले. पुढच्या वर्षी त्या गुडघ्याच्या दुखण्याने यायच्या थांबल्या. आता मागची जागा माझ्याकडे आहे. नवीन आलेली कुणीही मला म्हणते, "तुम्ही माझ्यासाठी थांबू नका हो", आणि मग आम्ही आमटीवर बोलतो.

तेव्हा डोंबिवलीच्या बाई, तीन आठवडे पडून असलेल्या त्या निरोपाला आज उत्तर पाठवा. "येते" एवढंच लिहा आणि मी सांगितलेला तो एक प्रश्न विचारा. काय उत्तर आलं ते मला कळवाल का?

आता रत्नागिरीच्या मैत्रिणीचे बूट. पावसात भिजलेले बूट उन्हात किंवा गॅसजवळ वाळवू नका, तळवा उकलतो आणि कडा आक्रसतात. आतली गादी नि नाड्या काढून वेगळ्या वाळत घाला. बुटात वर्तमानपत्राचे बोळे घट्ट भरा, दोन तासांनी ओले झालेले काढून नवे भरा आणि रात्रभर पंख्याखाली आडवे ठेवा. वास येत असेल तर कोरडे झाल्यावर चमचाभर खाण्याचा सोडा आत भुरभुरून सकाळी झटकून टाका. वॉशिंग मशीनमध्ये मात्र घालू नका. मी घातले होते.